अठ्ठेचाळीस तास

वीस डॉलर. मी दोनदा विचार केला.
थिएटर राहिलंय ते डुलुथला, सत्तर मैल,
रस्ता गोठून काच झालेला,
आणि आर्विडला तासाभरापलीकडे बसवत नाही.
लायब्ररीत चकती यायची म्हणजे उन्हाळा.
हेल्मी फोनवर म्हणाली, थांब गं,
चार महिन्यांत फुकटच दिसेल.
चार महिने!
तिला काय जातं बोलायला.

दाबलं बटण.
पडद्यावर अक्षरं आली:
सुरू केल्यापासून अठ्ठेचाळीस तास.
डॉक्टरसुद्धा इतकं नेमकं सांगत नाहीत.

एकतीस वर्षं हा माणूस
लिरिक टॉकीजच्या माडीवर, यंत्राच्या धगीत.
सिनेमा असा सलग त्याने पाहिलाच नाही;
उजव्या कोपऱ्यात ठिपका चमकला
की हात पुढच्या रिळावर.
मी खाली तिकिटं फाडायचे,
आणि शेवट त्याला घरी चालताना सांगायचे.
पुलापर्यंत पुरायचा.
कधी कधी, खरं सांगते, थोडा बदलून.

परवा रात्री गुडघ्यांवर गोधडी,
सूप निवून वर साय धरलेलं,
आणि नजर सारखी कोपऱ्याकडे.
"ठिपका?"
"येत नाही आता."
"मग रीळ बदलतं कोण?"
"कुणीच नाही."
हे त्याला पटलं नाही.
विमानतळावर ती बाई धावत सुटली होती,
नवरा काचेपलीकडे,
आणि हा घोरायला लागला.
मी थांबवलं.
बाईचा एक पाय हवेतच.

सकाळी नर्स. दुपारभर झोप. रात्री ताप.
काल संध्याकाळी पाहिलं तर पाय तसाच,
आणि शिल्लक दोन तास.
एकटीने बघून टाकावा, मनात आलं,
वीस डॉलर काही थोडे नाहीत.
रिमोट उचलला.
ठेवला.
मग बसून त्याचे मोजे रफू केले.

मुदत संपल्यावर यंत्राने अदबीने विचारलं,
पुन्हा भाड्याने हवा का?

पहाटे त्याने डोळे उघडले.
"पोचली का ती?"
मी उशी सारखी केली,
दिवा मालवला, खेळाआधी मालवत तसा.
"पोचली," म्हटलं, "पण विमान चुकलं.
दोघांचंही. बाहेर बर्फ पडत होतं, मग..."
"सावकाश," तो म्हणाला,
"पुलापर्यंत पुरू दे."