बारा पाऊणे नऊ

चोडणच्या घराची किल्ली अंबूकडे होती,
कुलूप माझ्या हातात आलं, कडीसकट.
गिऱ्हाईक सोमवारी येणार.
तोवर दोघींनी भाणं वाटून घ्यायची, पेटारे, पाट.
शिंपल्यांच्या खिडक्या तो भिंतीसकट घेतो म्हणालाय.

मिठाच्या खोलीत, बाबांच्या बुटांखाली
मानशीची वही निघाली.
भरती किती वाजता, दार किती वाजता उघडलं, जाळ्यात काय.
अंबू सदतीस वर्षं बंदरात कारकून,
आकडा दिसला की तिची बोटं हलू लागतात.
"तिथीची पाऊणपट," ती पुटपुटते.
"बारा पाऊणे नऊ. द्वादशीला भरती नऊला.
आईने पाच का लिहिलंय?"

एकसष्ट साल, मार्गशीर्ष शुद्ध द्वादशी.
लढाई दीड दिवसाच्या गणपतीसारखी
आली तशी बुडाली, असंच ऐकत आलो.
वहीत ती अकरा दिवस चालली आहे.
त्रयोदशीला भरती तीनला, पुनवेला सातला,
वद्य तृतीयेला तर पाणी आलंच नाही.

बाबा तेव्हा पणजीच्या इस्पितळात.
आग्वादच्या किल्ल्यातून सुटले ते कुणाच्या तरी पाठीवर,
तळपाय फोडलेले.
पाकले हा शब्द ते आधी थुंकायचे,
मग उच्चारायचे.

"तुला भूत आठवतं?"
आठवतं. पाच वर्षांची होते.
मानशीच्या खोलीत गोणपाटाखालून आलेले पाय.
धावत येऊन सांगितलं होतं,
आई, भुताचे पाय उलटे नाहीत गे, सरळ आहेत,
आणि बोटांवर पिवळे केस.
आईने गुळाचा एवढा खडा तोंडात कोंबला
की दिवे लागेपर्यंत बोलता आलं नाही.

मी बूट उलटे करते. वाळू पडते,
वाळलेल्या कुर्लीचा एक नांगा.
आतल्या चामड्यावर ठोकलेला सहा आकडी नंबर.
गाळात मिळाले, आई म्हणाली होती.
मऊ होते. त्या पायांना दुसरं काही सोसत नसे.
चौदा वर्षं बाबा तेच घालून बांधावर फिरले,
डिसेंबरात झेंड्यापुढे उभे राहिले तेही त्यांतच.

"हुशार होती," मी म्हणते,
"खोटी वेळ लिहिली, म्हणजे
भलत्या वेळी मानशीवर कोणी फिरकायला नको."
अंबू वही मिटते. पूर्ण नाही, बोट आत ठेवून.
"वेडी आहेस.
या जुव्यावर शेंबडं पोरसुद्धा बोटांवर भरती मोजतं.
कायतानने चाळीस वर्षं इथे जाळं लावलं,
त्याला पाच आणि नऊ कळत नव्हते?"

पान उलटतो.
कायतानचा अंगठा, रोज.
पाचला आलो, मासळी नाही.
तीनला आलो, मासळी नाही.
मागच्या पानावर पदेराचा हिशोब:
दोन पाव जास्त, पैसे नकोत.
होडीवाल्याची नुसती एक रेघ,
बाराव्या दिवसापुढे.
त्या दिवशी भरती खरी,
जाळ्यात सात शेवटे, एक चोणकूल,
आणि दुपारच्या फेरीने बाबा घरी.

म्हणजे चौदा वर्षं
सबंध बेट ऐकत होतं ते बूट करकरताना,
आणि पायरीवर, तिंट्यावर, देवळात
बाबांना विचारत होतं,
पाय कसे आहेत आता?

तो पोरगा अनवाणी गेला असणार.
कुठे, ते वहीत नाही.

वाटणीचे दोन ढीग झाले आहेत.
बूट कुठल्याच ढिगात नाहीत.
फोन वाजतो. गिऱ्हाईक.
सोमवारी मानसही बघायचीय म्हणतो, भरतीला,
किती वाजता येऊ?
अंबूची बोटं हलतात. पंचमी.
पाच पाऊणे पावणेचार.

"आठला या," ती सांगते.