पाण्याचा दिवस

दोनशे कार्डं छापली नव्या पेठेत:
राजेश्री हत्तुरे, अंतर्गत सजावट.
छापणारा म्हणाला, "सजावट म्हणजे मंडप-बिंडप का?"
म्हटलं, घराच्या आतलं.
"आतलं तर माणूस आपापलंच करतो की,"
आणि पन्नास कार्डं जास्तीची दिली
कटिंग तिरकं गेलं होतं म्हणून.

चैत्र संपला, कार्डं संपेनात.
जुळे सोलापुरात नव्या बंगल्यांच्या बेल वाजवल्या,
स्कूटीची सीट ओल्या फडक्यानं गार करत करत.
एकांनी चहा दिला.
एकांनी कुत्रं सोडलं नाही, एवढंच.
"आमचा सुतार आहे ना."
"भाचा मोबाइलवर बघून सांगतो."
मावशीनं पडद्याचा रंग विचारला,
अर्धा तास बोलले फोनवर,
तिनं जुनाच धुऊन लावला.
वहीत लिहिलं: सल्ला एक, जमा शून्य.

वडील काही म्हणत नसत.
जेवताना फक्त, "आज कुणीकडं?"
त्या 'कुणीकडं'मध्ये
माझ्या चार वर्षांची फी होती.

मग दस्तगीर मिस्त्रीचा फोन.
"म्याडम, एक बाई लई डोकं खातीय.
कपाट नको म्हणती, पलंग नको म्हणती.
मला तिचं कळंना, तिला माझं.
तुम्ही याच."

विडी घरकुल. एक खोली,
अडीच पावलांची मोरी.
नरसम्मा यमूल, कडक भाकरी करून विकणाऱ्या.
त्यांनी कार्ड घेतलं, उलटं केलं,
मागं कोरं आहे बघून
त्यावर ज्वारीचा हिशेब मांडला.
"हे बघ अम्मा, पाणी येतंय पाचव्या दिवशी.
ही सहा पिंपं.
इथं भाकऱ्यांची चळत, इथं पोरगी अभ्यास करती.
रात्री पिंपं बाहेर, दिवसा माणसं बाहेर.
आता तू काय करतीस सांग."

लॅपटॉपमध्ये माझ्या
पांढराशुभ्र संगमरवर होता, उंच खिडक्या,
एका फुलदाणीत एकच काडी.
तो मी उघडलाच नाही.
टेप काढली
आणि भिंतीच्या आधी पिंप मोजलं.

पस्तीस इंच उंच.
झाकण उघडायला वर एक वीत.
तांब्या घालणाऱ्या हाताला अजून एक.

दाराआड उभं होतं
सासऱ्यांच्या हातमागाचं लाकूड,
सागवान, वर्षानुवर्षं हात लागून गुळगुळीत.
"जळणाला ठेवलंय," त्या म्हणाल्या,
पण तीन उन्हाळे जाळलं नव्हतं.
दस्तगीरनं नख मारून बघितलं,
माझ्याकडं बघितलं,
आणि पहिल्यांदाच कमिशनचं बोलला नाही.

पिंपांवर माचा झाला.
फळ्या उचलायच्या, पाणी काढायचं,
फळ्या टाकायच्या, पोरगी झोपणार.
वर छतालगत भाकऱ्यांची फळी.
रंग? रंगाचं त्यांनी विचारलं नाही,
मीही सांगितलं नाही.

फी दोन हजार, दोन हप्त्यांत,
आणि जुन्या पेपरात बांधलेल्या चाळीस भाकऱ्या,
ज्या आम्ही आठवडाभर शेंगाचटणीशी खाल्ल्या.
वडील एकेक मोडताना
कट्ट असा आवाज ऐकत थांबायचे.

एक फळी मात्र चुकली माझी.
पाऊण इंच. अजून कुरकुरते.
नरसम्मा म्हणतात, "राहू दे,
पोरगी उठली की कळतं."

पाणी आलं पहाटे साडेतीनला.
गल्लीभर नळ्या, बादल्या, शिव्या.
मी गेले होते बघायला, टिकतंय का.
शेजारची एक बाई नळी धरूनच दारात आली,
माच्याखाली वाकली,
फळी उचलली, टाकली, पुन्हा उचलली.
नळी तिच्या पायांवर वाहत होती.
कार्ड मागितलं नाही तिनं.
म्हणाली, "आमच्यात आठ हैत. आणि सासूबाई."

पाचव्या दिवशी तीनला उठले.
अंधारात टेप सापडेना.
वडील जागेच होते.
कुणीकडं, असं विचारलं नाही.
टॉर्च दिला.