मागच्या कोपऱ्यात रोटी

पहिली गोष्ट, ती एतेरीची नव्हतीच.
सोलोलाकीच्या चढावरची होती, आमच्या सगळ्यांची.
कानात नगरपालिकेचा पिवळा बिल्ला,
आणि ज्याची त्याची वेगळी हाक.
टॅक्सीवाला झाउरी म्हणायचा मुरा,
वरच्या मजल्यावरची पियानो शिकवणारी बाई म्हणायची राजकन्या,
मी म्हणायचो पुरी. आमच्या भाषेत पुरी म्हणजे रोटी,
आणि मी रोट्या भाजतो, मला दुसरं काय सुचणार.

एतेरीला लाइपझिगच्या इस्पितळात नोकरी लागली.
अर्जावर एकच रकाना: मालकाचं नाव.
तिने स्वतःचं लिहिलं. कोणी काही बोललं नाही.
हिवाळ्यात जिन्याखाली जागा तिनेच दिली होती,
आणि कुत्रीशिवाय जाणार नाही म्हणून
तिचा झुरा दोन दिवस जेवला नव्हता.

मानेत तांदळाच्या दाण्याएवढी चिप.
मग लस. मग महिन्याने रक्त.
ते रक्त तिच्याआधी परदेशी गेलं,
लहानशा नळीत, बर्फात बसून.
आकडा अर्ध्याच्या वर हवा.
वर आला तरी आणखी तीन महिने थांबायचं.
एतेरीला थांबता येत नव्हतं. गळपट्टा
आणि कागदांची निळी फाइल माझ्या ओट्यावर ठेवून
ती मुलाला घेऊन गेली.

खरं सांगतो,
आकडा यायचा होता त्या आठवड्यात
पीठ मळताना माझं एकच मागणं चालू होतं:
खाली येऊ दे. अर्ध्याच्या जरासा खाली.
ती आजारी नको पडू दे, फक्त आकडा पडू दे.
आला चार पूर्णांक दोन.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अभिनंदन, वाझाकाका.

पेटी मी आणली. नियमाने मोजली:
तिला उभं राहता यावं, वळता यावं,
कान छताला लागू नयेत.
पण ती आत जाईना. रस्त्यावरचं जनावर,
दार म्हणजे काय ते तिला बरोबर ठाऊक.
मग रोज पहाटे पहिल्या भाजणीतली रोटी,
टोक मोडून,
मी अगदी मागच्या कोपऱ्यात ठेवू लागलो.
सुरुवातीला मान लांब करून ओढून घ्यायची,
मागचे पाय बाहेर रोवलेले.
मग तीन पाय आत. मग शेपूटसुद्धा.
मग दार लावलं, आधी मिनिटभर,
नंतर भट्टीतला अख्खा घाणा निघेपर्यंत.
ती आत निवांत चघळत बसायची.

आमच्याकडची विमानं पहाटे चारला उडतात,
चोरांच्या वेळेला. झाउरीने पैसे घेतले नाहीत.
पाण्याची वाटी मी रात्रीच गोठवून ठेवली होती,
हिंदकळू नये, वाटेत थोडी थोडी वितळावी म्हणून.
तळाशी माझा पिठाळलेला सदरा.
मालाच्या दारापाशी एका पोराने बॅटरी मारून फटी तपासल्या,
पेटीला बाण चिकटवले, ही बाजू वर.
म्हणाला, जाईल का आत?
मी खिशातून टोक काढलं. अजून कोमट होतं.
ती शेपूट हलवत गेली.
वळून पाहिलंसुद्धा नाही. कशाला पाहील,
रोजचंच तर होतं.

कागदावर एक रकाना माझाही निघाला: पाठवणारा.
सही करताना पेन चालेना,
त्या पोराने स्वतःचं दिलं.

काल एतेरीचा फोन आला. झुरा जर्मन शिव्या शिकलाय.
मागे अंगण आहे, मऊ गादी घेतलीय, खिडकीत ऊन येतं,
पण पुरी (आता तीही पुरीच म्हणते)
दिवसभर पेटीत बसून असते,
तोंड मागच्या कोपऱ्याकडे करून.
काय करू, काका?

भट्टी तापली होती, भिंतीला रोट्या लावायच्या होत्या,
बाहेर दोन गिऱ्हाइकं.
म्हटलं, दाराची जाळी आधी काढून टाक.
आणि खायला आत काही ठेवू नकोस.
बाहेर ठेव. हातभर लांब.
मग रोज थोडं आणखी लांब.