आठवा शनिवार

जूनची रात्र. आमच्याकडे जूनमध्ये हिवाळा असतो.
चोरलेली पिकअप कुंपण मोडून आत शिरली
आणि माझ्या अठरा पेट्यांवरून गेली.
सकाळी मधमाश्या गवतात पडलेल्या,
गोठलेल्या दहिवरात, सांडलेल्या चहापत्तीसारख्या.
झाडूनं निघेनात. फावड्यानं गोळा केल्या.

मग पत्र आलं: बैठकीला या.
कोर्ट नाही. तौमारुनुईतल्या सार्वजनिक सभागृहाची मागची खोली,
गोल मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या,
भिंतीवर बालवाडीतल्या पोरांच्या हातांचे ठसे, हिरवे, जांभळे.
त्यांच्याच खाली तो बसला. ताने. वय चौदा.
स्वतःचे तळवे मांड्यांखाली दाबून.

त्याच्या मामानं माओरीत प्रार्थना म्हटली.
पोलीस स्वेटर घालून आला होता,
त्यानं कागदावरून वाचलं: काय, किती वाजता, कुणाकुणाबरोबर.
"खरं आहे?"
"हो."

मग सगळे माझ्याकडे वळले.
मिसेस टेम्पलटन, तुम्हाला काय हवंय?

एकसष्ट वर्षांत सरकारनं मला हे विचारलं नव्हतं.
पत्ता विचारला होता, उत्पन्न विचारलं होतं,
नवरा गेल्याची तारीख विचारली होती, दोनदा.
घरून घोकून आणलेलं सगळं,
पेटीची किंमत, राणीमाशीची किंमत, 'कोठडी' हा शब्द,
जिभेवर मेणासारखं थिजलं.
म्हणाले, "पेटी फुटताना आतून एक आवाज येतो.
ऐकलास का रे तू?"
"गाणी मोठ्यानं लावली होती."
त्याची आई रडली. मी नाही.

आता घरच्यांना एकटं सोडायचं, असा इथला नियम.
त्यांनीच ठरवायचं, पोराचं काय करायचं ते.
आम्ही बाहेर, बोळात. पोलिसानं आल्याचं बिस्किट पुढं केलं,
म्हणाला, "माझ्या मुलीनं तेराव्या वर्षी दुकानातून नेलपॉलिश उचललं होतं.
फाईल झाली नाही. दुकानदार मला ओळखत होता."
आणि मग बराच वेळ कपात बघत राहिला.
आत मामाचा आवाज चढला. खुर्ची सरकली.
मग काहीच नाही.
मग कुणीतरी हसलं. माझं डोकं फिरलं.
थोड्या वेळानं कळलं, ते हसणं नव्हतं.

मोठ्या कागदावर लाल स्केचपेननं लिहिलं होतं:
शाळा. रात्री नऊच्या आत घरी. आणि दहा शनिवार
माझ्याकडे, पेट्या दुरुस्त करायला.
"तुमची हरकत नसेल तर," मामा म्हणाला.
होती ना.
"मी माफ केलेलं नाही. तेही लिहा तिथं."
संयोजक बाईंनी लिहिलं,
शेवटच्या ओळीखाली, जागा अपुरी पडली म्हणून तिरपं.

तो आला. जाळीची टोपी खांद्यापर्यंत घसरलेली.
खिळा कसा धरायचा शिकला, फ्रेमला तार कशी ओढायची शिकला.
धूर हळू सोड, मी सांगायचे,
घाई त्यांना वासानं कळते.
एकदा पापणीवर डंख बसला, बोलला नाही.
दुपारी डोळा मिटला तेव्हा मला दिसलं.

आठव्या शनिवारी आला नाही.
दोन कप मांडून मी अकरापर्यंत बसले.
नवव्याला आला, ओठ फुटलेला,
गालावरचं निळं पिवळं पडू लागलेलं.
मी विचारलं नाही. त्यानं सांगितलं नाही.
हातोडी दिली.

फॉर्मवर दहा चौकोन होते.
सात भरले. आठव्यापाशी पेन थांबलं.
आजवर सरकारी कागदावर मी खोटं लिहिलेलं नाही,
कराच्याही नाही.
सही केली. मग नववी, दहावी.

ऑक्टोबरात पोलिसाचा फोन आला: फाईल बंद,
पोराच्या नावावर गुन्हा नाही.
बरं, म्हटलं.
मधमाश्यांपाशी गेले. नऊ पेट्यांत गुणगुण आहे.
उरलेल्या नऊ दुरुस्त आहेत, रिकाम्या आहेत.
पाणी साचू नये म्हणून
उलट्या ठेवल्यात.