आतली बाजू

मुरगावच्या धक्क्यावर
क्रेनच्या चौथ्या पायाशी इनास उभा,
हातात चिपिंगचा हातोडा, खिशात खडू.
ठोकतो. ऐकतो.
खणखणलं तर पुढे,
बद्द वाजलं तर फुली.

मी नवा होतो तेव्हा
समुद्राकडच्या बाजूला बोट दाखवलं होतं:
खारं वारं तिथंच थेट लागतं ना?
तो हसला.
"तिका पावस धुता रे पुता.
आडोशाक पळय.
थंय मीठ बसता, उठना."

आणि खरंच,
सावलीतल्या जोडपट्टीखाली, बोल्टाच्या कुशीत
रंग फुगला होता पापडासारखा.
नखानं उचकटला तर खाली
काळे-तांबडे पापुद्रे, भिजून वाळलेल्या वहीचे असावेत तसे.
मीटर लावला: बारा मिलिमीटरचा पत्रा
सात पूर्णांक चार.
उरलेला कुठे गेला,
असा रकाना फॉर्मात नाही.

वर, बूमच्या पोकळ पेटीत
गेल्या पावसाळ्याचं पाणी तुंबलेलं.
निचऱ्याच्या भोकात घारीनं कोंबलेली
जाळ्याची निळी दोरी, एक चमचा, बांगड्याचे काटे.
इनासनं दोरी ओढली
आणि कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी
पंधरा मिनिटं पडत राहिलं,
खालून बार्जवाल्यांच्या शिव्या.

बावीस वर्षं ह्याच क्रेननं
सांग्याची लाल माती जहाजांत ओतली.
आता तिच्याच अंगातून ती निघते
चिमूट चिमूट,
जणू भट्टीत काय झालं
हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी अहवाल लिहिला.
आधी गोड्या पाण्यानं धुणं,
मग खड्यांचा मारा, पोलाद पांढरं दिसेपर्यंत,
आणि चार तासांच्या आत जस्ताचा पहिला हात,
नाहीतर दुपारच्या दमटाईत
ते पुन्हा तांबूस होऊ लागतं.
कडांना ब्रशनं वेगळा हात.
कडेवर रंग अंग चोरतो.

टेंडर निघालं नुसत्या पिवळ्याचं.
क्रूझच्या बोटी लागणार होत्या शेजारी.
आठ दिवसांत क्रेन लिंबासारखी झाली,
फुल्या, पापुद्रे, मीठ, सगळ्यावरून.

इनास निवृत्त झाला त्याच महिन्यात.
निरोपाला भिंतीवरचं घड्याळ दिलं,
त्यानं ते कानाला लावून पाहिलं.

खडू माझ्याकडे आहे. वापरत नाही.
सकाळच्या फेरीत चौथ्या पायाशी
हातोडा आपणच थांबतो.
पिवळं स्वच्छ, चकचकीत.

बद्द.