परत जाण्याचं कारण

रात्रीतून आलं ते.
विचारलं नव्हतं, की विचारलं होतं आणि मीच
चष्मा न लावता घाईत हो म्हणाले, कोण जाणे.
सकाळी पडद्यावर कुठलासा अनोळखी डोंगर,
खालच्या पट्टीवरची चित्रं मधोमध सरकलेली,
जणू पाहुणीनं माझ्या आधी उठून
न सांगता स्वयंपाकघर लावून टाकलं.

तेही चाललं असतं.
पण विणयंत्र ओळखेना.
फिनलंडहून आणलेलं जुनं धूड, दोनशे सुया,
आईच्या हातमोज्यांची नक्षी ज्या करड्या केबलमधून
टाका टाका करत उतरायची,
ती खुपसली की हा म्हणतो, अज्ञात उपकरण.
अज्ञात!
अरे, तुझ्याआधीपासून या टेबलावर आहे ते.

आमच्या कार्डलात संगणक बघणारा एकच,
तो नेमका पलीकडे, टॅलिनला,
आणि वाऱ्यानं हियुमाची बोट तीन दिवस बंद.
शेवटी फोनवर भाचा, तावेत.
"मावशी, मागे जाता येतं. पण दहा दिवसांच्या आत."
बोटांवर मोजलं.
आज नववा.

सेटिंग्ज. सिस्टिम. रिकव्हरी.
तो एकेक शब्द सांगतो, मी हुडकते,
संधिप्रकाशात सुईत दोरा ओवावा तशी.
बटण सापडलं. दाबलं.
तर लगेच सोडत नाही.
आधी विचारतं, परत का जाताय?
खाली चौकटी:
जुनं सोपं वाटत होतं.
नवं मंद चालतं.
उपकरणं चालत नाहीत.
अन्य कारण, सविस्तर लिहा.

"काहीही टाक गं, कुणी वाचत नाही."
त्याला काय ठाऊक.
त्याच्या जन्माआधी हे बेट म्हणजे सरहद्द,
तार्तूला दिलेली माझी बहीण
माहेरी यायची तर परवाना लागायचा,
परवान्यावर रकाना: येण्याचं कारण.
आईची आठवण येते, हे काही कारण नव्हे,
त्यावर शिक्का मिळत नसे.
म्हणून ती दर वेळी लिहायची,
मेंढ्या कातरायच्या आहेत.
हिवाळ्यातसुद्धा.
आमच्याकडे मेंढ्या होत्या चार.

मी चष्मा पुसला,
एका बोटानं, अक्षर शोधत लिहिलं:
मेंढ्या कातरायच्या आहेत.
त्यानं निमूट घेतलं.

मग काळा पडदा, गोल फिरणारे ठिपके,
बंद करू नका, बंद करू नका.
मी कशाला बंद करते.
कॉफी झाली, शेगडीत दोन लाकडं सरकवली,
चौसष्ट टक्क्यांवर इतका वेळ अडलं
की तावेत फोनवरच जेवून घेतो म्हणाला.

मग जुनं निळं चित्र.
केबल लावली.
यंत्राचा सरकता गाडा खर्रकन् डावीकडे,
खर्रकन् उजवीकडे, आणि सुयांवर
नक्षीतल्या चांदणीचं खालचं टोक.

"ते पुन्हा येणारच हं," तावेत घास चावत म्हणतो,
"थांबवून ठेव फार तर, पाच आठवडे देतात."

पाच आठवडे.
पाठ होईल. दोन्ही बाह्या होतील.
गळा राहील.