दाराची भूमिका

शनिवारची तालीम, दत्तवाडीतला हॉल,
खाली पिठाची गिरणी,
म्हणून आमचे संवाद जरा ओरडूनच.
भूमिका वाटून संपल्या, उरली निलोफर बागवान.
म्हटलं, तू दार हो.
तिने विचारलं, कडी आतून की बाहेरून?
तीस वर्षं मुलांची नाटकं बसवतोय,
हे कुणी विचारलं नव्हतं.
आतून, म्हटलं, अंदाजाने.

प्रयोगाला राजा घाईत,
न वाजवताच आत शिरायला निघाला.
निलोफर हलली नाही.
विंगेतून मी हातवारे करतोय,
पहिल्या रांगेत कुणाचे तरी काका खोकतायत,
राजाचा मुकुट कानावर.

शेवटी त्याने बोट वाकवून
हवेत दोनदा टकटक केलं.
मग ती उघडली, सावकाश,
कर्र असा आवाज करत,
जो संहितेत नव्हता.